वरुडहून गुलमर्गला: पहिल्या कौटुंबिक स्कीइंग सहलीची आखणी

वरुड तालुक्यातील एका संत्रा बागायतदार कुटुंबातील ताईंनी विचारले आहे की, त्या स्वतः, त्यांचे यजमान, नववीत शिकणारी मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि ६३ वर्षांच्या सासूबाई अशा पाच जणांना आयुष्यात पहिल्यांदाच बर्फावर स्कीइंगसाठी जायचे आहे. घरात कोणीही आजवर बर्फ पाहिलेला नाही. एका प्रवासी कंपनीने त्यांना श्रीनगर, पहलगाम, सोनमर्ग आणि गुलमर्ग असे सात दिवसांचे पॅकेज दिले असून त्यात ‘एक दिवस स्कीइंग’ असे लिहिलेले आहे. ते घ्यावे का, कुठे आणि केव्हा जावे, काय विकत घ्यावे आणि यात धोका किती, हे त्यांचे प्रश्न आहेत. मी परतवाड्याचा असून हिवाळ्यात नवशिक्यांना स्कीइंग शिकवण्याचे काम करतो. आपल्या भागातून येणाऱ्या कुटुंबांच्या अडचणी मला जवळून माहीत आहेत, म्हणून ताई, उत्तर थोडे सविस्तर देतो.

ते पॅकेज घेऊ नका. काश्मीर पाहण्यासाठी ते कदाचित चांगलेही असेल, पण त्यात स्कीइंग नाही. एका दिवसाच्या स्कीइंगमध्ये प्रत्यक्षात असे घडते की श्रीनगरहून निघून गुलमर्गला पोहोचेपर्यंत सकाळ सरते, बूट आणि स्की भाड्याने घेण्यात तासभर जातो, त्यानंतर कोणीतरी हात धरून चार-पाच वेळा उतारावरून खाली आणतो, फोटो निघतात आणि परतीची वेळ होते. घसरत असताना निर्धास्त उभे राहणे, ही या खेळाची पहिली पायरी आहे आणि ती एका दिवसात कोणालाही चढता येत नाही. पहिल्या दिवशी शरीर घाबरलेले असते, दुसऱ्या दिवशी ते दुखत असते आणि बहुतेकांना तिसऱ्या दिवशी कुठेतरी अचानक तोल सापडतो. नेमक्या त्या वेळी सामान बांधून पुढच्या गावी जावे लागले, तर केलेला सगळा खर्च वाया जातो. म्हणून माझा आग्रह एकच आहे: एकाच ठिकाणी किमान सहा रात्री राहा, पाच दिवस बर्फावर घालवा आणि पहलगाम, सोनमर्ग दुसऱ्या सहलीसाठी ठेवा.

ठिकाण म्हणून आपल्या कुटुंबासाठी मी गुलमर्ग सुचवतो. ते बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. तेथील गोंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि तो कोंगडोरीपर्यंत नेतो. दुसरा २००५ मध्ये सुरू झाला आणि तो अफरवट डोंगरावर साधारण ३९५० मीटरपर्यंत पोहोचतो. गुलमर्गची कीर्ती या दुसऱ्या टप्प्यामुळे आहे, पण नवशिक्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. आपल्याला हवे आहेत ते खाली, गावालगतचे मंद, रुंद आणि शेवटी आपोआप सपाट होत जाणारे उतार. ते तेथे मुबलक आहेत आणि हॉटेलांपासून जवळ आहेत, त्यामुळे मुलगा थकला तर कोणीतरी त्याला खोलीवर घेऊन जाऊ शकते आणि बाकीच्यांचा दिवस मोडत नाही. लहान मुले आणि वडीलधारी माणसे सोबत असताना ही सोय कोणत्याही नजाऱ्यापेक्षा मोलाची असते.

हिमाचलातील सोलंग खोरे मनालीपासून जेमतेम १३ किलोमीटरवर आहे. दिल्लीहून रात्रीच्या बसने मनाली गाठता येत असल्यामुळे खर्चही कमी येतो. मात्र तेथे पर्यटकांची गर्दी फार असते, बर्फ टिकण्याचा काळ तुलनेने लहान असतो आणि तासाच्या हिशेबाने स्की भाड्याने देण्याची पद्धत रुळलेली आहे. खर्च अगदीच आटोक्यात ठेवायचा असेल तर सोलंगचा विचार करावा, पण तेथेही सलग दिवसांसाठी एकच प्रशिक्षक ठरवावा. उत्तराखंडातील औली दिसायला अप्रतिम आहे आणि समोर नंदादेवी उभी असते. परंतु ऋषिकेशहून जोशीमठापर्यंतचा डोंगरी रस्ता पूर्ण दिवस खातो, जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचल्यावर तेथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला आणि अलीकडच्या वर्षांत तेथील बर्फाचा भरवसाही कमी झाला आहे. गढवाल मंडल विकास निगम तेथे स्कीइंगचे कोर्स चालवते. मुलगी मोठी झाली आणि तिला एकटीला शिकायचे असेल, तर असे कोर्स, तसेच मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचे किंवा गुलमर्गमधील केंद्र सरकारच्या स्कीइंग संस्थेचे कोर्स उत्तम आहेत, कारण राहणे, जेवण, साहित्य आणि शिकवणी एकत्र मिळते. मात्र त्यांची शिस्त तुकडीची असते. आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई यांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबासाठी ती रचना नाही.

आता काळाविषयी. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलां’ हा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. बर्फ पडतो तो पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे, म्हणजे वादळी हवामानामुळे, आणि ते केव्हा येतील हे कोणाच्या हाती नसते. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडे राहिले होते आणि महिन्याच्या अखेरीस बर्फ पडला तेव्हा कुठे उतार पांढरे झाले. म्हणून नाताळच्या सुट्टीत नवशिक्यांनी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे: बर्फ अपुरा असण्याची शक्यता अधिक, गर्दी सर्वाधिक आणि दर चढे. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत भरवशाचा आहे. आपल्याकडे आंबिया बहारासाठी (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी) ताण तोडून, म्हणजे मुद्दाम रोखलेले पाणी बागेला पुन्हा देण्याचे काम जानेवारीत येते. ते उरकून, बाग विश्वासू माणसाच्या हाती सोपवून निघालात तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा जुळतो. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) घेत असाल तर तोडणी आणि व्यापाऱ्याचा सौदा याच सुमारास येतो, त्यामुळे तारखा त्या हिशेबाने जानेवारीकडे सरकवाव्या लागतील. मुलगी पुढच्या वर्षी दहावीत जाईल आणि तेव्हा फेब्रुवारीत घराबाहेर पडणे शक्य होणार नाही, म्हणून जायचे असेल तर याच वर्षी जावे. हॉटेलचे आरक्षण करताना तारीख पुढे सरकवता येईल किंवा पैसे परत मिळतील, अशी अट लेखी घ्यावी. त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी चालेल.

प्रवासात नागपूरहून दिल्लीमार्गे विमानाने श्रीनगर हा सोपा मार्ग आहे. रेल्वेने जायचे असेल तर नागपूरहून जम्मू-कटऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या आहेत आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावू लागल्याने बर्फात महामार्ग बंद होण्याची जुनी धास्ती पुष्कळ कमी झाली आहे. कोणत्याही मार्गाने गेलात तरी पहिली रात्र श्रीनगरला काढावी. वरुडची उंची चार-पाचशे मीटरची, श्रीनगर सुमारे १६०० मीटरवर आणि गुलमर्ग २६५० मीटरवर. मधल्या मुक्कामामुळे शरीराला उंचीला सरावायला वेळ मिळतो. गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्ग लागते. ताजा बर्फ असेल तर तेथून पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाके चालणाऱ्या गाड्याच सोडतात, म्हणून श्रीनगरहून गाडी ठरवतानाच साखळ्यांचा विषय काढावा. आणखी एक बाब बहुतेक जण विसरतात: महाराष्ट्रातील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातील निदान दोन फोन तरी निघण्यापूर्वी पोस्टपेड करून घ्यावेत.

आरोग्याचा एक मुद्दा मी विदर्भातून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सांगतो आणि तो कृपया गांभीर्याने घ्यावा. आपल्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे आणि अनेक घरांत कोणाचा कोणता पॅटर्न आहे, म्हणजे कोण वाहक (एएस) आणि कोण रुग्ण (एसएस), हे माहीतच नसते. थंडी, शरीरातील पाण्याची कमतरता आणि विरळ हवा या तिन्ही गोष्टी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेच्या झटक्याकडे ढकलतात, आणि उंचीवर त्या तिन्ही एकत्र येतात. एएस पॅटर्नचे वाहक एरवी निरोगी असतात. तरीही अधिक उंचीवर गेल्यानंतर त्यांच्या प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. म्हणून निघण्यापूर्वी पाचही जणांनी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिससारखी पक्की चाचणी करतात. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून या तपासणीवर भरही वाढला आहे. एसएस पॅटर्न निघाल्यास तज्ज्ञ डॉक्टरांच्या संमतीशिवाय ही सहल करू नये. एएस असल्यास गोंडोलाचा दुसरा टप्पा टाळावा, पाणी भरपूर प्यावे आणि डाव्या बरगडीखाली दुखू लागल्यास लगेच खाली उतरून डॉक्टर गाठावा. सासूबाईंचा रक्तदाब, साखर आणि हृदय यांची तपासणीही त्याच फेरीत व्हावी. गुलमर्गला पहिल्या दिवशी डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे होऊ शकते. विश्रांतीने ते बरे होते, पण वाढत गेले तर रात्र तेथे न काढता श्रीनगरला उतरावे.

शरीराची तयारी निघण्याच्या सहा आठवडे आधी सुरू करावी. शेतात राबणाऱ्या माणसाला वाटते की आपल्याला वेगळ्या व्यायामाची काय गरज. परंतु वावरातील कामात पाठ आणि खांदे तयार होतात, तर स्कीइंगमध्ये गुडघे किंचित वाकवून मांड्यांवर मिनिटानुमिनिटे भार धरावा लागतो. भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीवर बसल्यासारखे अधांतरी बसावे आणि हा वेळ रोज थोडा वाढवावा. सोबत उठाबशा काढाव्यात आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा. सालबर्डीचा डोंगर आपल्याला जवळ आहे. तेथे चढताना दम लागतो, पण मांड्यांचा खरा सराव उतरताना होतो, म्हणून उतार सावकाश आणि न धावता उतरावा. मुलांना वेगळ्या व्यायामाची गरज नाही.

कपड्यांच्या बाबतीत कापसाच्या मुलखातील माणसाला पटायला जड जाईल अशी गोष्ट सांगतो: अंगाला लागून सुती कपडा अजिबात नको. सुती बनियान घामाने ओली होते, वाळत नाही आणि शरीराची ऊब ओढून घेते. तीच गत जीन्सची. अंगाला लागून कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे थर्मल, त्यावर घरातला लोकरी स्वेटर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट व पँट असे तीन थर पुरतात. वरचे जाकीट आणि पँट गुलमर्गला भाड्याने मिळतात, ते विकत घेऊ नयेत. दुचाकीवरच्या रेनकोटची पँट चालेल का, असे अनेक जण विचारतात. ती चालत नाही, कारण पडल्यावर ती इतकी घसरते की माणूस थांबतच नाही. विकत घ्यावेत ते थर्मल, पाणी न शिरणारे जाड हातमोजे, गुडघ्याखालपर्यंत येणारे लोकरी पायमोजे आणि चांगल्या प्रतीचे गॉगल. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरणे साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. त्यामुळे ढगाळ दिवशीही डोळे भाजू शकतात आणि हनुवटीखालची, नाकपुड्यांखालची कातडी सोलवटते. तेथेही सनस्क्रीन लावावे, सासूबाईंनीसुद्धा.

आता बुटांविषयी, कारण पहिल्या सहलीचा आनंद किंवा छळ बुटांवरच ठरतो. स्कीचा बूट प्लॅस्टिकच्या टणक कवचाचा असतो आणि त्यात घोटा हलत नाही. तो तसाच हवा, कारण माणूस नडगीने बुटाच्या पुढच्या भागावर रेलतो आणि त्या दाबातूनच स्कीला दिशा मिळते. दुकानात गर्दी असली तरी घाई करू नये. आधी सर्व बकले उघडावीत, बुटाची जीभ पुढे ओढावी, पाय सरळ आत सरकवावा आणि टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटून मागे नीट बसवावी. मग घोट्याजवळचे बकल, त्यानंतर वरचे आणि पंजावरचे सर्वांत शेवटी व सैलसर लावावे. सरळ उभे राहिल्यावर पायाची बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवून पुढे रेलल्यावर ती मागे सरावीत आणि टाच मात्र जागची हलू नये. हे तिन्ही जमले तर बूट बरोबर आहे. बुटात एकच पायमोजा घालावा. थंडी वाजेल म्हणून दोन घातले तर रक्तपुरवठा आवळला जातो आणि पाय उलट अधिक गार पडतात. थर्मलची कड किंवा पँटची किनार बुटात अडकू देऊ नये, कारण तेवढी एक घडी दुपारपर्यंत नडगीवर फोड आणते. एकदा योग्य जोडी मिळाली की त्यावरचा क्रमांक लिहून ठेवावा आणि पाचही दिवस तीच मागावी.

स्कीची लांबी नवशिक्यासाठी छाती ते हनुवटी यांच्या दरम्यान असावी. बूट स्कीला ज्या पकडीत बसतो तिला बाइंडिंग म्हणतात. पडल्यावर ठरावीक ताण आला की ती सुटते आणि पाय वाचतो. किती ताणाला सुटावी हे माणसाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून स्क्रूने ठरवतात. दुकानदाराने वजन न विचारता स्की हातात दिली तर थांबून त्याला वजन सांगावे आणि बाइंडिंग आपल्यासमोर लावून घ्यावी. वडिलांची स्की मुलीला ‘थोडा वेळ वापर’ म्हणून देऊ नये, कारण ती तिच्यासाठी सुटणारच नाही आणि गुडघा पिरगळेल. हेल्मेट पाचपैकी जे चौघे स्की लावतील (सासूबाईंविषयी पुढे सांगतो) त्या सर्वांना हवे. ते लावून मान हलवावी. हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे, डोक्यावर हलता कामा नये.

प्रशिक्षकाशिवाय एकही दिवस काढू नये. काटकसर करायची ती हॉटेलच्या दर्जात, खरेदीत आणि गाड्यांच्या फेऱ्यांत करा, यात नको. प्रशिक्षकाला तीन गोष्टी विचाराव्यात: त्याने कोणत्या संस्थेतून कोर्स केला, लहान मुलांना शिकवतो का आणि पाचही दिवस तोच येणार का. बहुतेक जण हिंदी उत्तम बोलतात. शक्य असल्यास मुलांसाठी एक आणि आपल्या दोघांसाठी दुसरा ठेवा. आई उतारावर दिसली की मुलगा तिच्याकडे पाहतो, प्रशिक्षकाकडे पाहत नाही, आणि नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला शिकवू लागले की दोघांचाही दिवस नासतो. आठ वर्षांच्या मुलासाठी सकाळी दोन तास पुरे आहेत. दुपारी त्याला बर्फात मनसोक्त खेळू द्यावे.

पहिल्या सकाळी काय होईल ते सांगतो, म्हणजे मनाची तयारी राहील. टणक बुटात टाच आधी टेकवत चालावे लागते. उतारावर आल्यावर स्की उताराला आडव्या ठेवतात, बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ प्रशिक्षकाच्या काठीने खरवडून काढतात, आधी उताराकडच्या बाजूच्या पायाचा चवडा पुढच्या पकडीत सरकवून टाच खाली दाबतात आणि ‘खट्’ असा आवाज आला की बाइंडिंग बसली. तळव्याला बोटभर बर्फ राहिला तरी ती बसत नाही आणि नवशिक्याला वाटते की साहित्यच बिघडलेले आहे. मग एकाच पायात स्की लावून सपाटीवर घसरत चालणे, नंतर दोन्ही लावून कडेकडेने पावले टाकत थोडे वर चढणे, आणि जेथे शेवटी सपाटी आहे अशा उतारावरून सरळ खाली येणे. चांगला प्रशिक्षक पहिल्या सत्रात काठ्या देत नाही, कारण नवशिका काठीवर भार टाकून मागे झुकतो. भीती वाटली की शरीर आपोआप मागे जाते आणि मागे गेले की स्कीची पुढची टोके हलकी होऊन ताबा सुटतो. हात पुढे, नडगी बुटावर आणि नजर समोर: पहिले दोन दिवस एवढेच सांभाळावे.

थांबण्याचा पहिला मार्ग स्नोप्लाऊ. यात स्कीची पुढची टोके जवळ आणून मागची टोके बाहेर ढकलतात आणि आतल्या कडा बर्फात किंचित रुतवतात. मुलांना हे ‘पिझ्झाचा तुकडा’ म्हणून शिकवतात आणि ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. हव्या त्या जागी, दर वेळी थांबता येईपर्यंत वरच्या उतारावर जाऊ नये, प्रशिक्षक म्हणाला तरी नाही. त्यानंतर वळणे येतात आणि येथे शेतकऱ्याला एक गोष्ट लगेच उमजते. उताराला आडवी पेरणी केली की पावसाच्या पाण्याचा वेग मरतो. तसाच स्की करणाऱ्याने उतार आडवा कापत नेला की वेग मरतो, आणि नाक खाली केले की वाढतो. नवशिका वेगाला घाबरून सगळा जोर ब्रेकवर देतो आणि मांड्या जाळून घेतो, पण वळण पूर्ण करून स्की आडव्या होऊ दिल्या तर बरेचसे काम उतारच करतो. हे ज्या क्षणी पायांना कळते तो क्षण मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, आणि पाच दिवसांचा आग्रह मी त्यासाठीच धरतो.

पडणार सगळेच. पडताना बाजूला, नितंबावर पडावे, हातातली काठी सोडून द्यावी, कारण काठीचा पट्टा अंगठ्यात अडकून तो उलटा वळतो. घसरत असतानाच उठण्याची धडपड मुळीच करू नये. गुडघ्याचे स्नायुबंध तुटण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. पूर्ण थांबल्यावर दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणाव्यात आणि मग उठावे. ओढून नेणाऱ्या लिफ्टवर बसायचे नसते, उभे राहून तिला ओढू द्यायचे असते. पडलात तर लिफ्ट सोडून तत्काळ बाजूला व्हावे, कारण मागून दुसरा येत असतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत, त्यांतला मुलांना पाठ करून द्यावा असा नियम म्हणजे खालच्या माणसाला प्राधान्य: वरून येणाऱ्यानेच वाट बदलायची. उताराच्या मधोमध थांबू नये आणि निघताना वर पाहून निघावे.

धोक्याबद्दल म्हणाल तर नवशिक्यांच्या उतारावरचे धोके गुडघा मुरगळणे, मनगट दुखावणे आणि स्लेज किंवा दुसऱ्या माणसाची धडक लागणे हे आहेत, आणि त्यांतले बरेचसे दुपारनंतर, थकव्यात घडतात. म्हणून ‘शेवटची एक फेरी’ करण्याऐवजी अंगात थोडे बळ शिल्लक असतानाच थांबावे. अफरवटवरील हिमस्खलनाचा धोका वेगळ्या जातीचा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर हिमस्खलनात मृत्युमुखी पडले, आणि ते सगळे आखलेल्या उतारांबाहेरच्या डोंगरावर होते. आपल्या मुलांना हे सांगावे आणि दोरी किंवा फलक ओलांडून कोणीही जाणार नाही, असा घरातला नियम करावा. आरोग्य विमा आणि प्रवास विमा दोन्हींच्या अटी वाचाव्यात, कारण अनेक पॉलिसी साहसी खेळांतील इजा वगळतात.

सासूबाईंनी स्की लावू नये, असे मी सुचवतो. या वयात मनगट किंवा खुबा मोडला तर भरून यायला बराच काळ जातो. पण त्यांचे दिवस रिकामे जाऊ नयेत. गोंडोलाचा पहिला टप्पा, प्रकृती बरी असल्यास, त्यांना आवर्जून दाखवावा. त्याची तिकिटे आगाऊ ऑनलाइन काढावी लागतात. उताराच्या कडेला चहाच्या टपरीजवळ ऊन खात नातवंडांना पाहत बसणे हेही त्यांना आवडेल. त्यांच्यासाठी घसरणार नाहीत असे खोल नक्षीच्या तळाचे बूट भाड्याने घ्यावेत. खोलीत बुखारी (लाकूड-कोळशावर खोली गरम करणारी काश्मिरी भट्टी), शेगडी किंवा गॅसचा हीटर असेल तर झोपताना तो विझवावा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवावी. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून काश्मीरमध्ये हिवाळ्यात माणसे झोपेतच दगावतात. त्या वायूला वास नसतो. थंडी लागते म्हणून खिडकी कोणी लावून घेणार नाही, याकडे रात्री आपण स्वतः लक्ष द्यावे; विजेचे गरम पांघरूण देणारे हॉटेल मिळाले तर तेच घ्यावे.

परतीचे विमान किंवा गाडी शेवटच्या स्कीइंगच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका. बर्फ पडला की श्रीनगरची उड्डाणे रद्द होतात आणि टंगमर्गचा रस्ता काही तास बंद राहतो, म्हणून स्कीइंगचे पाच दिवस संपल्यावर सहाव्या दिवशी दुपारपर्यंत साहित्य परत करून श्रीनगरला उतरावे, तेथे एक रात्र राखीव ठेवावी आणि दिल्लीहून नागपूरचे आरक्षण त्यानंतरच्या दिवसाचे करावे. गुलमर्ग सोडण्यापूर्वी प्रत्येकाच्या बुटाचा क्रमांक, स्कीची लांबी आणि प्रशिक्षकाने सांगितलेली शेवटची दुरुस्ती वहीत लिहून घ्यावी, कारण पुढच्या हिवाळ्यात मुलगा तेथूनच पुढे शिकू लागेल.